ळचं चित्र

शनिवारी सकाळी सबनीसांचा मिरजेतला फ्लॅट अक्षरांचा झाला. भिंतींच्या जागी हॅशची चिन्हं ओळीने उभी राहिली, फरशीच्या जागी टिंबं आली आणि जिथे जिथे दार होतं तिथे अधिकचं चिन्ह आलं. शलाका त्या वेळी चहा गाळत होती. गाळणं गेलं, कप गेला, आणि ओट्यावर एक उद्गारचिन्ह तेवढं उरलं. तिने बोट लावून पाहिलं. ते गरम होतं.

दुसरं कोणी असतं तर किंचाळलं असतं. शलाकाला आधी राग आला, कारण हे कोणाचं काम ते तिला तिथल्या तिथे कळलं. तिचा धाकटा भाऊ निरंजन कित्येक वर्षं कॉम्प्युटरवर एक भुयाराचा खेळ रचत होता, आणि त्या खेळात चित्र म्हणून औषधालाही नव्हतं. भुयाराच्या भिंती हॅशच्या, जमीन टिंबांची, राक्षस म्हणजे बाराखडीतली अक्षरं. शलाकाचं पोट चित्रांवर चालायचं. लहान मुलांच्या पुस्तकांतले हत्ती, ससे, भाजीवाल्या ती काढायची. तिला भावाचा तो खेळ म्हणजे हाताने मुद्दाम केलेली आंधळी कोशिंबीर वाटायची. पुण्याची एक कंपनी खेळ विकायला तयार झाली, पण चित्रं घाला म्हणाली, तेव्हापासून तर घरात जेवणाच्या ताटावर रोज हाच वाद.

"दिसलं की भीती कमी होते," शलाका म्हणायची. "भ म्हणे भूत! लोक हसतील तुला."

"भ असतो तोवर ते कसलंही भूत असतं," निरंजन म्हणायचा. "तू काढलंस की ते तुझं भूत होणार. डोळे मोठे, दात दोन."

आणि आई दोघांच्या मध्ये आमटी वाढत म्हणायची, "आधी जेवा. भुतं कुठे पळून जात नाहीत."

आई सकाळीच भाजी आणायला गेली होती. हे आठवलं तेव्हा शलाकाचा राग उतरला. हे सगळं झालं तेव्हा आई बाहेर होती. आता ती परत येईल ती कशी येईल, आणि कुठून येईल?

"निरंजन!" ती ओरडली.

हाक मारायला ती स्वयंपाकघरातून दोन पावलं बाहेर आली. हॉलच्या कोपऱ्यात, कॉम्प्युटर असायचा तिथे, निरंजनचा न उभा होता. तिने पाऊल टाकलं की तोही एक टिंब सरकायचा, ती थांबली की थांबायचा. रस्त्यावरचा आवाजही तसाच. तिच्या पावलाबरोबर रिक्षाचा एक तुकडा ऐकू यायचा आणि पुढचं पाऊल पडेपर्यंत सगळं गप्प.

वर, जिथे भिंत छताला मिळायची, तिथे एक ओळ उमटली.

न म्हणतो: ताई, हलू नकोस उगीच.

"तू बोलतोस ते मला वाचावं लागतंय."

न म्हणतो: मला तू ऐकू येतेस. दिसत मात्र नाहीस. म्हणजे चिन्ह दिसतंय.

"कुठलं?"

न म्हणतो: ईमेलच्या पत्त्यात असतं ते. ॲटचं.

शलाकाने स्वतःकडे पाहिलं. हात होते, हाताला कालचा हिरवा रंग होता, अंगात घरातला जुना कुर्ता होता. तिला तरी ती जशीच्या तशी दिसत होती.

"म्हणजे काय झालं?"

न म्हणतो: म्हणजे खेळणारी तू आहेस. तू पाऊल टाकलंस की सगळ्यांची पाळी येते. तू थांबलीस की सगळे थांबतात. आणि जीव एकच आहे, गेला की गेला. तो नियम मी ठेवलाय.

"छान केलंस," शलाका म्हणाली.

तिच्या खिशात पेन्सिल होती, ती नेहमीच असते. दुसऱ्या खिशात छोट्या चौकोनी पुठ्ठ्यांची गड्डी होती, खेळाची चित्रं काढायला आणलेली. तिने विचार न करता एका पुठ्ठ्यावर त्यांचं दार काढलं. सागवानी, वर पितळी पाटी, पाटीवर सबनीस. चित्र पुरं झालं आणि जिन्याकडचं अधिकचं चिन्ह जाऊन तिथे दार आलं. पाटीसकट. हात फिरवला तर लाकूड लागलं. शलाकाला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

मग तिने मागे पाहिलं. बाथरूमचं दार सागवानी झालं होतं. त्यावर पितळी पाटी होती, पाटीवर सबनीस. आईच्या खोलीचं दारही तेच, गॅलरीचंही तेच. फडताळाच्या दारावरसुद्धा सबनीस.

न म्हणतो: एका चिन्हाला एकच चित्र असतं. तुला सांगत होतो ना.

"जेवताना सांगत होतास. तेव्हा कोण ऐकतंय!"

आणखी एक गोष्ट झाली होती. हॉल लहान झाला होता. मघाशी न आणि तिच्यामध्ये टिंबांचं मैदान होतं, आता जेमतेम सतरंजीएवढी जागा राहिली. चित्राला अक्षरापेक्षा जागा जास्त लागते, आणि ती जागा कुठून तरी यावीच लागते. शलाकाला हे धंद्यातलं ज्ञान होतं. पानावर मोठं चित्र आलं की मजकूर कापला जातो. इथे घर कापलं जात होतं.

"आई कुठली होईल?" तिने विचारलं. "तिला तू कुठलं अक्षर दिलंयस?"



न म्हणतो: ळ. भुयाराच्या तोंडाशी एक म्हातारी असते, वाट सांगते. ती मी आईवरूनच केली.

"बरं. मग ळ आला की दार उघडायचं."

न म्हणतो: दोन ळ आहेत.

"दोन आया?"

न म्हणतो: अक्षरं संपली गं माझी. तळाच्या मजल्यावर एक आहे, त्याला मी नाव नाही दिलं. त्यालाही ळच दिला. लोक वेगळा रंग देतात अशा वेळी. मला लाल-हिरव्यातला फरक कुठे कळतो?

हे खरं होतं. निरंजनला लहानपणी पिकलेला टोमॅटो आणि कच्चा टोमॅटो सारखेच दिसायचे, आणि घरातले सगळे त्यावर हसायचे. शलाका सर्वांत जास्त हसायची. आता तिला हसू आलं नाही.

"तो दुसरा काय करतो?"

न म्हणतो: शेजारी आला की फाडतो.

"आणि आई?"

न म्हणतो: म्हातारी शेजारी येऊन नुसती उभी राहते. एवढाच फरक.

फडताळाचं दार उघडलं. म्हणजे तिने श्वास सोडताना नकळत एक पाऊल मागे टाकलं, आणि त्या पावलासरशी फडताळाचं दार उघडलं. त्यात ळ उभा होता.

शलाकाला फडताळातून आई यावी याचं नवल वाटलं नाही. सगळीच दारं बाहेरची झाली होती. नवल तिला याचं वाटलं की एका अक्षराची इतकी भीती वाटू शकते. ळला तोंड नव्हतं. तो तिच्याकडे बघतोय की पाठ करून उभा आहे, हेसुद्धा सांगता येत नव्हतं. आपण भावाला वर्षानुवर्षं काय चिडवत होतो ते तिला आता कळलं, आणि ते कळायला ही वेळ फार वाईट होती.

न म्हणतो: पळू नकोस. तो असला तर तुझ्याहून वेगाने येतो. येऊ दे शेजारी. मग जागच्या जागी पाय उचल आणि टेक. एक पाळी नुसती जाऊ दे. काही केलं नाही तर आई.

"आणि केलं तर?"

न म्हणतो: एका फटक्यात मरत नाही माणूस.

हा त्याचा धीर देण्याचा प्रकार. शलाकाने पाय उचलला, टेकला. ळ फडताळातून बाहेर आला. तिने परत पाय उचलला, टेकला. ळ उरलेल्या जागेच्या टोकाशी आला. "आई," ती म्हणाली, "तू असशील तर काहीतरी बोल." वरची ओळ कोरी राहिली. तिने पाय टेकला आणि ळ तिच्या अगदी पुढ्यात येऊन उभा राहिला.

आता फक्त एक पाळी. जागच्या जागी पाय उचलायचा आणि टेकायचा, बस.

तेवढ्यात ओळ उमटली.

ळकडे पिशवी आहे. पिशवी जड आहे.

सबनीसांच्या घरात एक वळण होतं. बाहेरून कोणी पिशवी घेऊन आलं की घरातल्याने पुढे व्हायचं आणि ती हातातून घ्यायची. आलेला माणूस दारातून स्वतः पिशवी आत आणतो आणि घरातले बसून बघतात, हे आईला खपत नसे. शलाका आणि निरंजन यासाठी बोलणी खाऊन मोठे झाले होते. ते इतकं अंगात मुरलं होतं की दिवाळीत कुरियरवाल्याच्या हातातली दुसऱ्याची पार्सलंसुद्धा शलाकाने एकदा ओढून घेतली होती.

ती पुढे झाली. हात लांब केला. "आण इकडे," तोंडातून निघूनही गेलं.

तू ळला मारलंस. ळच्या अंगातून रक्त वाहतंय.

न म्हणतो: ताई!

"मी मारलं नाही! मी पिशवी घेत होते!"

न म्हणतो: पुढे जायची आणि मारायची कळ एकच आहे. समोरच्या टिंबावर कोणी असलं आणि तू पुढे गेलीस की तो मारच.

ळ तुला ओरबाडतो.

तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत कातडी सोलली गेली. दुखलं नाही लगेच, मग फार दुखलं. पण शलाकाच्या मनात आलं ते दुखण्याचं नव्हतं. तिने घाईने विचारलं, "ओरबाडलं! म्हणजे हा तोच ना? म्हणजे ही आई नव्हे ना?"



न म्हणतो: मार खाल्ला की म्हातारीही अंगावर येते. तसंच लिहिलंय मी.

शलाका रडायला लागली. आईला मारलं असेल तर हळद लावायला पाहिजे, आणि हळद लावायला जवळ गेलं की आणखी मार बसणार. समोर एक अक्षर उभं होतं. त्यातून रक्त वाहत असल्याचं वर लिहिलेलं होतं. अक्षर मात्र मघाइतकंच काळं आणि कोरडं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, आणखी थोडा वेळ याच्याकडे बघितलं तर मला वेड लागेल.

तिने पेन्सिल काढली.

न म्हणतो: नको.

"मला दिसायला हवंय."

न म्हणतो: दिसणार ते तू काढशील तेच. आत जे आहे ते तसंच राहील. ताई, ऐक माझं. ळ आहे तोवर निदान शंका तरी आहे.

"मला नकोय तुझी शंका!"

रेघ सरळ आली, इतक्या वर्षांची सवय. आधी चष्मा. मग अंबाडा, टिकली, खांद्यावरून पुढे घेतलेला पदर, हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी मेथी. चौकोन लहान, त्यात याहून जास्त मावत नाही. निम्म्या चित्रात तिच्या लक्षात आलं की पुस्तकांमधल्या आज्या, मावश्या, शाळेच्या बाई, सगळ्यांना ती हेच देत आली होती. हीच टिकली, हाच चष्मा. आईचं असं वेगळं काय होतं? वरचा ओठ जरा पातळ होता. की खालचा? जिला रोज बघतो तिचा चेहरा तिला आठवेना, आणि ही भीती फडताळाच्या दाराहून मोठी होती. शेवटी तिने ओठांवर हसू काढलं. हसणारे ओठ सगळ्यांचे सारखेच असतात.

चित्र पुरं झालं आणि तिच्या पुढ्यात आई उभी होती.

भिंती आत सरकल्या. ती सतरंजीएवढी जागाही गेली. न दिसेनासा झाला, कॉम्प्युटरचा कोपरा घरातून कापलाच गेला होता. त्याची ओळ तेवढी वर येत राहिली.

"आई," शलाका म्हणाली.

आई हसत होती. ती उजवीकडे बघत होती, कारण शलाकाच्या चित्रांतली सगळी माणसं उजवीकडेच बघतात, प्रकाशकांना तसं बरं पडतं. पदर स्वच्छ होता. रक्त कुठेच नव्हतं. तिने ते काढलंच नव्हतं.

आई म्हणते: किती गं वाळलीस.

हे आईचंच बोलणं होतं. आई हे तिला आठवड्यातून दोनदा तरी म्हणायची. शलाकाला हुंदका आला. तिने डोळे पुसले आणि आईला नीट बघावं, समोरून बघावं, म्हणून एक पाऊल बाजूला टाकलं.

आई तुला ओरबाडते.

खांद्यापासून पाठीपर्यंत. आईच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं, ती उजवीकडे बघत होती, आणि मेथीची जुडी जागची हललीसुद्धा नव्हती. शलाका भिंतीला टेकली. हॅशच्या चिन्हांचे कोपरे तिच्या पाठीत रुतले.

आणि त्याच पावलासरशी समोरचं दार उघडलं होतं. ते जिन्याचं होतं की बाथरूमचं, कोण सांगणार? पितळी पाटी, सबनीस. दारात आई उभी होती. चष्मा, अंबाडा, टिकली, पुढे घेतलेला पदर. हातात कापडी पिशवी, पिशवीत मेथी. तीही हसत होती. तीही उजवीकडे बघत होती.

न म्हणतो: दुसरा ळ आला का?

"आई आलीय," शलाका म्हणाली. "अजून एक."

न म्हणतो: तुझ्या जवळची कोणती, मार खाल्लेली?

"डावीकडची."

न म्हणतो: तिच्यात जेमतेम एका धडकेचा जीव राहिलाय. ताई, मार तिला. आई आत्ता येतेय बाजारातून. फडताळातून आई कशाला येईल?

"दारं सगळी सारखी केली मी. ती कुठूनही येईल."

न म्हणतो: तिने तुला दोनदा ओरबाडलंय.

"मी आधी मारलं तिला. तूच म्हणालास ना, मारलेली आईही अंगावर येते?"

शलाकाने पुठ्ठ्यावर अंगठा ठेवला.

"पुसू का चित्र?"

न म्हणतो: मग दोन ळ राहतील. तुला त्याने कळणार आहे?

नव्हतंच कळणार. शलाकाने डावीकडच्या आईकडे पाहिलं आणि मग दारातल्या आईकडे. ती चित्रकार होती, एका हत्तीच्या दोन चित्रांतला फरक तिला लांबून सांगता येई. इथे फरक नव्हता. रेघ न् रेघ तिच्याच हातची होती. अंबाड्याजवळ पेन्सिल जरा घसरली होती, ती घसरलेली रेघसुद्धा दोघींना होती. त्यातल्या एकीला आपण रक्तबंबाळ केलंय, दुसरीला आत घेतोय, आणि आई त्या दोघींतली एकच आहे, एवढंच तिला पक्कं ठाऊक होतं.

दारातली एका पावलावर होती. डावीकडची शेजारीच. शलाका मागे सरायला गेली आणि पाय उचलल्यावर तिला आठवलं की मागे भिंत आहे. पाय तसाच हवेत राहिला.

न म्हणतो: टेकू नकोस. टेकलास की त्यांची पाळी.

रस्त्यावरची रिक्षा अर्ध्या आवाजावर थांबलेली होती. दाराची कडी वाजता वाजता थांबलेली होती. सगळं तिच्या त्या एका पायासाठी थांबलं होतं. डावीकडे टेकला तर ती धडक होणार. जागच्या जागी टेकला तर दारातली आत येणार. शलाकाने दोन्ही हातांनी भिंतीचे हॅश घट्ट धरले. मांडी भरून आली होती, आणि गुडघा हळूहळू थरथरायला लागला.

आई म्हणते: पाय टेक गं शलू, अवघडशील.